वजनाच्या ऑपरेशननंतर आपल्या सांगलीतल्या घरात जेवायचं कसं

बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन झालं की दवाखान्यातनं डिस्चार्जच्या फाईलीत डाएटचा एक कागद देतात. त्यात क्लिअर लिक्विड, फुल लिक्विड, प्युरी, सॉफ्ट असे टप्पे, आणि पुढं ब्रोकोली सूप, टोफू, ओट्स वगैरे. तो कागद फ्रिजला लावून झाला की प्रश्न पडतो, की आज दुपारी घरात आमटी-भाकरी आहे, उद्या पाहुण्यांकडं जत्रेचं मटण आहे, मग मी नेमकं खायचं काय? आमच्या घरी एकाच स्वयंपाकघरात दोन ऑपरेशनवाले आहेत, माझी स्लीव्ह आणि दिरांची बायपास (हृदयाची नव्हे, पोटाची), त्यामुळं दोन्हीचं पथ्य मी रोज सांभाळते, त्यातनं जे कळलंय ते इथं लिहितेय. तुमचे सर्जन आणि आहारतज्ज्ञ वेगळं सांगत असतील तर त्यांचंच ऐका, टप्प्यांचे दिवस प्रत्येक ठिकाणी थोडे मागंपुढं असतात.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा, की ऑपरेशननं पोट लहान होतं, घरातला आणि गावातला आग्रह लहान होत नाही. जेवण सांभाळणं त्यामानानं सोपं आहे, माणसं सांभाळणं अवघड.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त करून त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही, जेवायची आठवण मोबाईलला लावावी लागते. बायपासमध्ये जठराची अगदी छोटी पिशवी करतात आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून खालचा भाग तिला जोडतात, त्यामुळं कमी खाल्लं जातंच, वर लोह, कॅल्शियम, बी-१२ हे सगळं नीट शोषलं जात नाही. म्हणून दिरांच्या गोळ्या माझ्यापेक्षा जास्त. आणि भूक न लागण्याचे हे दिवस कायमचे नसतात बरं का, बऱ्याच जणांना वर्षभरानंतर हळूहळू भूक परत येते, तोपर्यंत सवयी बसलेल्या पाहिजेत.

पातळाचे आठवडे

पहिले एक-दोन दिवस नुसतं पाणी आणि पाण्यासारखं पातळ, मग साधारण दोन आठवडे दाट पातळ पदार्थ. इथं आपलं मुगाचं कढण कुठल्याही विकतच्या सुपाला भारी पडतं. अर्धी वाटी हिरवे मूग कोरडेच मंद आचेवर भाजायचे, खमंग वास सुटला की धुऊन चार-पाच वाट्या पाणी घालून कुकरला लावायचे, एकदम गाळ शिजले पाहिजेत. मग रवीनं घोटायचे आणि बारीक गाळणीतनं गाळायचे, चमच्यानं दाबत दाबत, म्हणजे सालं वर राहतात आणि दाटसर पाणी खाली उतरतं. मीठ, चिमूटभर हळद, पाव चमचा तुपात जिरं तडतडवून वरनं घालायचं, बास. लसूण-मिरची, कांदा-लसूण चटणी सध्या डब्यातच राहू दे.

प्यायचं कसं तर कफ सिरपच्या बाटलीवर ते प्लास्टिकचं छोटं माप येतं ना, ते स्वच्छ धुऊन घ्या आणि त्यातनं घोट घोट. एक माप संपायला काही मिनिटं गेली पाहिजेत. वाटी तोंडाला लावली की हात ऐकत नाही.

मटण-चिकन खाणाऱ्यांना आपल्याकडं अळणी, म्हणजे मटण-चिकन शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी, आहेच. हळद-मीठ घालून शिजवलेलं अळणी गाळून फ्रिजमध्ये ठेवायचं, वर चरबीचा पांढरा थर गोठतो, तो चमच्यानं उचलून टाकायचा आणि खालचं कोमट करून प्यायचं. पण हेही सांगते, गाळलेलं कढण काय नि अळणी काय, त्यात प्रोटीन फार नसतं. त्यामुळं डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर या आठवड्यांत चुकवायची नाही. ती उकळत्या कढणात टाकली की गुठळ्या होतात, आधी थंड पाण्यात कालवून मग कोमट कढणात घालायची.

त्यानंतरचे दोनेक आठवडे घोटलेलं खायचं. म्हणजे रवीनं घोटलेलं घट्ट वरण, मऊ पनीर दुधात वाटून, घट्ट दही, अंडं अगदी मऊ करून. पिठलं पातळ करून काहींना चालतं, काहींना बेसनानं गॅस धरतो, दोन चमच्यांवर अंदाज घ्या. नाचणीची आंबील आपल्याकडं पौष्टिक म्हणून पेलाभर देतात, पण आंबील म्हणजे शेवटी पीठच, तिनं पोट भरलं तर प्रोटीनला जागा कुठं राहणार? ताकात थोडी, एवढंच. मग मऊ जेवणाचा टप्पा: भुर्जी, चिकन खिमा, काटे नीट काढलेला मासा, गाळ शिजलेली मुगाची उसळ. कराड-इस्लामपूरकडचा अख्खा मसूर तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे, फक्त ढाब्यावरची तर्री नको, घरी कमी तेलात आणि दाणा बोटानं दाबला की पीठ होईल इतका शिजवून. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बहुतेकांना नेहमीच्या जेवणाकडं जाऊ देतात.

ताटात आधी काय

एकच नियम पाळा. प्रोटीन पहिलं, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी-भात. आपण आयुष्यभर उलटं जेवलोय, भाकरी मुख्य आणि बाकी सगळं तिला लावायला, त्यामुळं हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम प्रोटीन लागतं, बऱ्याच जणांना ६० ते ८० सांगतात. ते कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायूपण झडतात, थकवा येतो, केस जातात.

आता हिशोब बघा. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ च्या पुढं, पाव लिटर दुधात ८, घट्ट वरणाच्या वाटीत ६-७. म्हणजे माळकरी किंवा शाकाहारी घरात नुसत्या आमटीवर ६० कधीच होत नाहीत, दहा वाट्या आमटी त्या पोटात मावणार कशी? शाकाहाऱ्यांनी दिवस असा जमवायचा: पाव लिटर दुधात प्रोटीन पावडरच्या डब्यातला एक चमचा (स्कूप) पावडर, तेही दोन-तीन वेळेला विभागून, त्यात ३० च्या आसपास निघाले. ५० ग्रॅम पनीरचे ९, घट्ट दह्याच्या वाटीचे ५, वरणाचे ६, आणि कोरड्या ३० ग्रॅम सोयावड्या भिजवून, पिळून, मिक्सरमधनं खिम्यासारख्या काढून केल्या की १५. झाले ६५. शेंगदाण्याची चटणी, कूट यात प्रोटीन आहे पण तेल त्याहून जास्त, तेव्हा ते चवीपुरतं.

जेवायला मुलांची छोटी ताटली आणि छोटा चमचा घ्या. घास नखाएवढा, २०-२५ वेळा चावून, जेवण २० ते ३० मिनिटं. टीव्हीसमोर हे होत नाही, करून बघा.

भाकरीचं काय, हे सगळे विचारतात. ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही, पण सुरुवातीला फक्त पापुद्रा, आमटीत चांगला कुस्करून. कोरडी भाकरी अडकते, मऊ चपाती आणि पाव तर चिकट गोळा होऊन त्याहून जास्त अडकतात, आणि कुणाकुणाला भात बाधतो. मटणाचे मोठे तुकडे, शेवग्याच्या शेंगेचे दोरे, संत्र्याच्या फोडीची साल, उसाचं कांडं चावताना गिळला जाणारा चोथा, हे सगळं जपून.

अडकलं म्हणजे काय होतं ते माहीत असू द्या, नाहीतर घरचे हार्ट अटॅक समजून घाबरतात. छातीच्या मधोमध दाटून येतं, तोंडाला चिकट लाळ सुटते, फेसासारखं वर येतं. त्या वेळी पाण्यानं ढकलायला जायचं नाही, आपल्याकडं लगेच तांब्या पुढं करतात आणि त्यानं जास्तच त्रास होतो. जेवण थांबवा, उठून हळू फेऱ्या मारा, बहुतेक वेळा उतरतं. पोट भरल्याची खूणपण प्रत्येकाची वेगळी असते. मला उचकी लागते, दिरांच्या नाकातनं पाणी येतं. खूण आली की ताटात पनीरचा एक तुकडा का उरला असेना, थांबायचं. अन्न टाकू नये हे खरं, म्हणून मुळात वाढूनच थोडं घ्यायचं.

पाणी, चहा आणि रसवंती

जेवताना पाणी नाही, आणि जेवणाच्या आधी-नंतर अर्धा तास नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ताटाशेजारचा तांब्याच उचलून ठेवा. पण दिवसभरात दीड ते दोन लिटर गेलंच पाहिजे, आणि एकदम पिता येत नाही म्हणून ते सकाळी उठल्यापासनं घोटाघोटानं. एप्रिल-मे मध्ये सांगलीत ऊन चाळिशीला टेकतं, तेव्हा हे चुकलं की चक्कर, बद्धकोष्ठता, लघवी पिवळी. पातळ ताक यात धरा, सोडा-कोल्ड्रिंक धरू नका, तो गॅस त्या पोटाला झेपत नाही.

आणि उसाचा रस. कारखान्यांचा जिल्हा आपला, रस्त्याला रसवंती, घरात काकवी-गूळ. बायपासवाल्यानं ग्लासभर रस प्यायला की ती साखर सरळ आतड्यात जाऊन आदळते, १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब, आडवं पडल्याशिवाय सुचत नाही. याला डम्पिंग म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी उलटं होतं, साखर एकदम उतरते आणि हातपाय कापायला लागतात. पुरणपोळी, बासुंदी, खपलीची खीर, साताऱ्याचे कंदी पेढे, सगळ्यांना हेच लागू. स्लीव्हवाल्यांना डम्पिंग कमी होतं, म्हणून आम्ही खूश, पण माझं मत विचाराल तर तोच धोका आहे, शरीर ओरडत नाही आणि गोड आरामात आत जातं. तासगावच्या बेदाण्यांना लोक ड्रायफ्रूट म्हणून हेल्दी समजतात, त्यात निम्म्याहून जास्त साखर असते, चार-पाच दाणे ठीक, मूठ नको.

भडंगाबद्दल लिहिताना मला स्वतःलाच वाईट वाटतंय, पण लिहिते. कुरकुरीत, हलकं, तोंडात गेलं की विरघळतं, पोटात बसतच नाही. ज्या पोटात अर्धी भाकरी मावत नाही त्यातनं गप्पा मारत मारत भडंगाचा अख्खा पुडा जातो. चिवडा, फरसाण, खारी, बिस्किटं सगळी याच जातीची. ऑपरेशननंतर वजन परत चढतं ते एखाद्या दिवशीच्या मटणानं क्वचित, दिवसभराच्या या चरण्यानं जास्त. घरात पुडा आणायचाच असेल तर वाटीत काढून घ्यायचा आणि पुडा कपाटात.

चहाचं असं, की आपण एका सकाळी तीन घरी गेलो तर तीन चहा होतात, प्रत्येकात दोन चमचे साखर. बिनसाखरेचा अर्धा कप सांगायचा. आणि लोहाची गोळी घेतली असेल तर पुढचे दीड-दोन तास चहा नाहीच.

"घ्या की ओ, काय होतंय एवढ्यानं"

हे वाक्य तुम्हाला ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त ऐकायला मिळणार. म्हाताऱ्या सासूबाई तर ताटलीकडं बघून रडकुंडीला येतात, "पोरगी उपाशी मरायची." त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. मूग भाजायचं, पनीर बनवायचं, पाण्याच्या बाटल्या भरून किती संपल्या ते बघायचं. आमच्या सासूबाई आता मला पाण्यावरनं ओरडतात.

बाहेर मात्र "डाएट करतेय" म्हटलं की लोक हसतात आणि अजून एक पोळी वाढतात. "डॉक्टरांचं पथ्य आहे" म्हणा. जत्रेला गेलात तर मटणाचे दोन मऊ तुकडे आणि वाटीच्या तळाला रस्सा एवढंच घ्या, सावकाश चावत बसा, आणि यजमान मागं लागले की सरळ सांगा, "मामी, आत्ता नको, डबा बांधून द्या." डबा मागितला की मामी खूश, रुसवा नाही, आणि घरी पोरं खातात. पंगतीत वाढपी फिरतो तिथं ताटावर हात आडवा ठेवायची सवय करा, बुफे असला तर प्रश्नच नाही. लग्नाला निघताना घरनं थोडं प्रोटीन खाऊन निघायचं, कारण तिथं जेवण तीनला मिळणार की चारला काय भरवसा.

उपवास पहिलं वर्ष तरी करू नका. साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च आणि तूप, त्यात पाणीपण कमी जातं. आषाढी एकादशीला अगदीच राहवत नसेल तर दूध, दही, पनीर यांच्यावर करा आणि गोळ्या चालू ठेवा.

गोळ्या, आणि ज्या गोळ्या घ्यायच्या नाहीत त्या

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, डी, बी-१२, लोह. या आयुष्यभराच्या आहेत, बरं वाटायला लागलं म्हणून बंद करायच्या नाहीत. कॅल्शियम साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम दिवसाला, तेपण एकावेळी ५००-६०० च्या वर शोषलं जात नाही म्हणून दोन-तीन वेळा. मेडिकलमध्ये कॅल्शियम मागितलं की बऱ्याचदा कार्बोनेट हातात पडतं, आपल्याला सायट्रेट बरं, त्याला पोटातलं आम्ल लागत नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. बी-१२ गोळीनं भागत नसेल तर महिन्याला इंजेक्शन देतात. मी गोळ्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवते, फोडणी घालताना दिसतातच.

उलट्या होत राहिल्या, आठवडाभर नीट खाल्लं जात नसलं, आणि पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, डोळ्यापुढं दोन-दोन दिसणं असं काही सुरू झालं, तर ते बी-१ म्हणजे थायमिनची कमतरता असू शकते. त्यात थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि सलाईन लावत असतील तर "माझं बॅरिअॅट्रिक झालंय, आधी थायमिन" हे बोलून दाखवा.

कंबर-गुडघे दुखले की मेडिकलवाल्याकडनं दोन गोळ्या आणायची आपली पद्धत, त्या बहुतेक डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असतात आणि त्यानं जोडाच्या जागी अल्सर होतो, बायपासवाल्यांना तर हमखास भीती. पॅरासिटामॉल चालतं, बाकी विचारल्याशिवाय नाही. तंबाखूचंही तेच, आणि इथं मी मिसरीचं नाव मुद्दाम घेते, कारण आपल्याकडं बायका डॉक्टरला "काही व्यसन नाही" सांगतात आणि सकाळी मिसरी लावतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दारू बायपासनंतर लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्याची सवय सुटलेली माणसं तिकडं वळलेली दिसतात, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवा.

शुगर-बीपीच्या गोळ्या ऑपरेशनआधीच्याच डोसनं चालू ठेवायच्या नाहीत, वजन उतरतं तशी शुगर उतरते आणि जुन्या डोसनं ती फारच खाली जाते. तरण्या मुलींनी बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नयेत. वजन घटलं की पाळी नियमित होते आणि दिवस पटकन राहतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण विसंबता येत नाही, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, कंगव्यात पुंजके येतात. जास्वंदीच्या तेलावर पैसे घालवण्याआधी प्रोटीन आणि लोह तपासा, काही महिन्यांत बहुतेकांचे परत येतात.

चालणं आणि वजनकाटा

पहिल्या दिवसापासनं घरात चाला, जड उचलणं मात्र चार ते सहा आठवडे नाही, पाण्याची घागर नाही, गॅसची टाकी नाही. मग आमराईत नाहीतर कृष्णेच्या घाटावर सकाळचं चालणं, साताऱ्याची माझी नणंद अजिंक्यताऱ्याचा चढ चढते. नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत, आठवड्यातनं दोन-तीन दिवस डंबेल, रबर बँड किंवा खुर्चीवरनं उठाबशा असं काहीतरी जोडा.

वजन आठवड्यातनं एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी. मध्ये दोन-तीन आठवडे काटा हलत नाही तेव्हा घाबरून खाणं अजून कमी करू नका, ते होतच असतं. दीड-दोन वर्षांनी थोडं वजन परत येणं नेहमीचं आहे, पण चार-पाच किलो चढलं आणि चढतंच राहिलं तर लाजून घरी बसण्यापेक्षा आठवडाभर तोंडात गेलेला प्रत्येक घास वहीत लिहा, चहा आणि भडंगासकट, आणि ती वही घेऊन आहारतज्ज्ञांकडं जा. रक्ततपासणी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर दरवर्षी, त्यात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, डी, कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) असतंय का ते बघून घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, थांबत नाही अशी धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोराचं दुखणं, एका पोटरीला सूज, किंवा पाण्याचा घोटही टिकत नसेल, तर सकाळ व्हायची वाट बघू नका, ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांनाच रात्री फोन लावा.